विझल्यानंतरचा वास

अंबूआत्या गेली तेव्हा मी छापखान्यात उभी होते. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर शाई पसरली होती आणि असली पानं मी घेणार नाही, असं छापखानेवाल्याला सांगत होते. तेवढ्यात अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. फोनवर ते नेहमी आधी जेवलीस का ते विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही. "अंबक्का गेली ग. खुर्चीतच… चहा तसाच आहे," एवढंच म्हणाले. मी पानं तिथेच सोडली आणि रिक्षा करून अग्रहार भागातल्या अप्पांच्या घरी आले. दारातच वास आला. आत्याच्या उशाशी एका भांड्यात तांदूळ भरून त्यात मूठभर उदबत्त्या खोचल्या होत्या, आणखी एक जुडगा पायाशी. खोली धुरानं पांढरी झाली होती. शेवटची चार वर्षं त्या बाईनं या घरात एक काडी पेटू दिली नव्हती, कारण धुराचा जरासा झोत आला तरी तिला पंधरा-पंधरा मिनिटं श्वास सापडत नसे. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी माणूस गेलं की उदबत्ती लावायची, म्हणून लावली होती. मी दोन्ही जुडगे उचलले, मागच्या दारी नेऊन बादलीत बुडवले. "आता तिला काय त्रास होणार आहे?" असं नात्यातल्या एक बाई म्हणाल्या. मी म्हणाले, "होत होता तेव्हा विचारलं होतंत का?" हे बोलणं बरोबर नव्हतं, असं अप्पांनी नंतर सांगितलं. मला ते अजून बरोबरच वाटतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. ज्या कारखान्यात आत्यानं आयुष्य काढलं, त्यांनी कन्नड वर्तमानपत्रात तिचा फोटो छापला. खाली लिहिलं होतं की शेवटच्या श्वासापर्यंत तिनं सुगंधाची साथ सोडली नाही आणि तसं नाक पुन्हा होणार नाही. तिचे शेवटच्या महिन्यांतले श्वास मी ऐकले आहेत. ज्यानं ते वाक्य लिहिलं, त्यानं ऐकले नसावेत. आणि नाकाचं म्हणाल तर… ते पुढे सांगते. या पुरवणीसाठी लिहिशील का, असं मला विचारलं तेव्हा काहीतरी हळुवार हवं होतं. मला हळुवार लिहिता येत नाही. उदबत्त्या वळणाऱ्या बायकांची आमची एक छोटी संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहिते. पत्रकात पहिल्या ओळीत मागणी असते आणि शेवटच्या ओळीत सभेची वेळ. या दोन ओळींच्या मधे आत्याला कुठे बसवायचं, हे मला पाच आठवडे कळलं नाही.

आम्ही म्हैसूरचे मराठी. मूळचे रंगारी, कापड रंगवणारे आणि छापणारे. किती पिढ्यांपूर्वी इथे आलो ते अप्पा दर वेळी वेगळं सांगतात. घरात मराठी बोलतो, पण तुम्ही ऐकलंत तर अर्धं कन्नड म्हणाल. राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं आखली गेली, त्यानंतर दोनेक वर्षांनी आत्याचा जन्म. तिची शाळा कन्नड, देव मराठी आणि शिव्या दोन्हींत. तोवर रंगकाम घरातून गेलंच होतं, रंगाचा हौद बुजवून त्यावर न्हाणीघर बांधलं होतं. चौदाव्या वर्षी ती उदबत्त्या वळायला बसली. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोळशाची भुकटी आणि एका झाडाच्या सालीची चिकट पूड पाण्यात मळतात, त्या काळ्या पिठाचा छोटा गोळा पाटावर बांबूच्या काडीभोवती तळहातानं फिरवतात, झाली उदबत्ती. त्या काडीला वास नसतो. तो नंतर, दुसऱ्या खोलीत, बंद दाराआड, दुसरी माणसं देतात. त्या खोलीत तेव्हा बाई जात नसे. आत्या त्या खोलीत शिरली ती एका डिंकामुळे. हलमड्डी नावाचा रानझाडाचा चिकट डिंक असतो, जुन्या म्हैसुरी उदबत्तीला गोडवा येतो तो त्याचा. त्याचे डबे गाडीतून उतरवत होते, ही बाजूनं चालली होती, आणि चालता चालता म्हणाली की तिसऱ्या डब्यात गूळ आहे. तेव्हाच्या म्हाताऱ्या मालकांनी डबा तापवून पाहिला. गूळ होता. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अंबू, तू आत बस." ती तीस वर्षं आत बसली. दर मिश्रणाची काडी त्याच बंद खोलीत जाळून बघायची, नको असेल तर पुन्हा मिश्रण, पुन्हा काडी. त्या कारखान्याचे चार वास तिचे आहेत. तुमच्यातल्या कुणाच्या तरी देवघरात आत्ताही असतील. हजेरीपटावर तिच्या नावापुढे शेवटपर्यंत 'मदतनीस' लिहिलेलं होतं.

माझं पहिलं पत्रक तिनं चष्मा लावून, ओठ हलवत, पूर्ण वाचलं. मी त्यात धुळीबद्दल लिहिलं होतं, वाकलेल्या पाठींबद्दल, काळ्या पडलेल्या बोटांबद्दल, आणि शेवटी लिहिलं होतं की हा सुगंध नाही, हा पडदा आहे. तिनं कागदाची घडी करून परत दिली.

"सगळं खरं लिहिलंस. शेवटचं सोडून."

"शेवटचंच महत्त्वाचं आहे, आत्या."

"मग बायका का बसतात ग अजून त्या पाटावर? मूर्ख आहेत काय?"

"पोटासाठी."

"पोटासाठी विड्याही वळता येतात. त्यांना विचार, विडी का नको म्हणाल्या."

मी म्हणाले, मालकांना हेच तर पाहिजे, बायकांना काम आवडलं की मजुरी वाढवायला नको. ती हसली. "होगली बिडु," म्हणाली, म्हणजे जाऊ दे. "तू ओरडतीस फार. ओरडणाऱ्याला वास येत नाही. त्याचा श्वास सगळा बाहेरच जात असतो." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्यांदा पत्रक छापताना मात्र ते शेवटचं वाक्य काढलं. मला ती पटली होती असं नाही.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फुफ्फुसांची तपासणी करून सांगितलं की घरात धूर नको, कसलाही नको. अप्पांची पंचाईत झाली. त्यांनी यावर जो उपाय काढला तो आमच्याच घरात निघू शकतो. ते देवापुढे न पेटवलेली उदबत्ती लावू लागले. म्हणजे उदबत्तीच्या घरात खोचायची, हात जोडायचे, आरती म्हणायची, काढून डब्यात ठेवायची. एकच काडी सहा महिने चालली. आत्यानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "देवाला फसवतोस होय रे?" अप्पा म्हणाले, "घरात कोण आजारी आहे ते देवाला ठाऊक आहे, अंबक्का." पण ती काडी बघून तिचा चेहरा उतरला. देवळात जायची तर रस्त्याच्या पलीकडे उभी राहून नमस्कार करायची, पदर नाकाला. ज्या वासावर तिनं आयुष्य घातलं तो वास तिला दारातही उभं करून घेत नव्हता. मला याचा संताप यायचा. तिला यायचा नाही, निदान दिसायचा नाही. एक दिवस तिनं पेटीतून चंदनाच्या तेलाची जुनी बाटली काढली, म्हाताऱ्या मालकांनी कधीकाळी दिलेली, आणि म्हणाली, "धूर नको तर नको. मी ऊद करते. धुराशिवाय."

तिला अत्तर करायचं होतं, उदाचं. उदबत्तीच्या वासाची अत्तरं बाजारात मिळतात, मी तिला दोन आणूनही दिली. तिनं बाटलीवर काय काय घातलंय ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि बाजूला ठेवली. ती म्हणाली की हे लोक पेटलेल्या काडीचा वास भरायला बघतात, आणि पेटलेल्या काडीत धूरच जास्त असतो. "काडी विझून तास झालाय. दार लावलेलं आहे. तू बाहेरून येतीस, दार उघडतीस… तो. पडद्याला असतो, उशीला असतो, केसांना असतो. तो मला पाहिजे." फुलांचं अत्तर समोरून चालत येतं, मिठी मारतं. हे अत्तर येत नाही, तुम्हालाच त्याच्याकडे जावं लागतं, आणि गेलात की जरा हळू बोलावंसं वाटतं. मला देवाचं काही नाही, तरी हे मी कबूल करते. त्यात सालईचा डिंक होता, तो चुरगळला की लिंबाच्या सालीसारखा वास येतो. थंडपणासाठी वाळा होता. कोरडेपणासाठी सांब्राणी होती, आपण ज्याला लोबान म्हणतो ती. हलमड्डी अगदी थोडी. हे सगळं चंदनाच्या तेलात वेगवेगळ्या बाटल्यांतून आठवडेच्या आठवडे मुरायचं, खिडकीत, ऊन सरकेल तशी ती बाटल्या सरकवायची.

आता तिची पद्धत. अत्तरवाले कागदाच्या पट्टीवर वास बघतात, नाहीतर मनगटावर. ती रंगाऱ्याची मुलगी. तिनं मांजरपाटाच्या वीतभर पट्ट्या फाडल्या आणि कोपऱ्याला गाठी मारल्या. पहिल्या मिश्रणाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, पाच झाल्या की दुसरा कोपरा. रंगकामातले गठ्ठे आजोबा असेच ओळखायचे. पट्टीवर अत्तराचा थेंब, सावलीत वाळवण. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यात धुवायची, पुन्हा सावलीत. तिसऱ्या दिवशी वास घ्यायचा. उरला तर पक्का, गेला तर कच्चा. रंगाला लावायचा नियम तिनं वासाला लावला आणि त्यात काही विचित्र आहे असं तिला कधी वाटलं नाही. कारखान्याचे धाकटे मालक, म्हाताऱ्या मालकांचे चिरंजीव, एकदा फळांची पिशवी घेऊन भेटायला आले. दोरीवरच्या पट्ट्या बघून हसले. "आंटी, अत्तर कोण धुतं?" "आमच्यात धुतात," आत्या म्हणाली. त्यांना ते अत्तर हवं होतं, पण जरा गुलाब घालून, जरा गोड करून. परदेशी गिऱ्हाइकाला विझलेलं काही आवडत नाही, म्हणाले. आत्यानं त्यांना केळं सोलून दिलं. "तुझ्या वडलांनी मला गूळ ओळखला म्हणून आत घेतलं रे. तू गूळ घालायला सांगतोस." ते केळं खाऊन गेले.

वास घ्यायला ती मला रविवारी बोलवायची. मी शहराच्या दुसऱ्या भागात, विजयनगरात, एका मैत्रिणीबरोबर राहते. सकाळी यायचे, तिसऱ्या दिवसाच्या पट्ट्या नाकाशी धरायचे आणि जे असेल ते बोलायचे. हा साबणासारखा आहे. हा औषधाच्या दुकानासारखा. ती मान डोलवायची, आपणही पट्टी नाकाशी धरायची, डोळे मिटायची, "हां, वाळा जास्त झाला," म्हणायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मला वाटायचं ती मला शिकवते आहे. एका रविवारी तिनं मला आठ गाठींची पट्टी दिली. आधी स्वतः घेतली, नेहमीसारखी, डोळे मिटून, बराच वेळ. "सांब्राणी आता मागे बसली, अल्वा?" म्हणजे, नाही का. मी पट्टी घेतली. कोऱ्या कापडाचा वास होता. पुन्हा घेतली. "आत्या, याला अत्तर लावलंच नाहीस तू." ती खिडकीकडे बघत राहिली. खालून भाजीवाला ओरडत गेला.

"दोन वर्षं झाली," म्हणाली. "एक ताप आला होता बघ, तेव्हा. आधी चंदन गेलं. मग एकेक. शेवटी कांदा उरला होता, तोही गेला."

"आणि हे सगळं? वाळा जास्त झाला, हलमड्डी कमी झाली?"

"तू बोलतीस त्यावरून. कशात काय घातलं की काय होतं ते डोक्यात आहे ग माझ्या, ते कुठे जातंय. पण झालं की नाही हे सांगायला कुणीतरी पाहिजे. तुझ्या अप्पाला दिलं तर तो दर वेळी डोळे मिटून दिव्य म्हणतो. तुला खोटं बोलता येत नाही. आणि तुला हा वास आवडत नाही. तू आला म्हणालीस, तर आला."

मला तिथल्या तिथे पत्रक लिहायचं होतं. तीस वर्षं धूर आणि धूळ, आणि नाकाच्या जोरावर जगणाऱ्या बाईचं नाक गेलं. तिनं हात वर केला. "डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे? तापानं असेल, धुळीनं असेल, वयानं असेल. तू धुळीनंच असं लिहिशील. माहीत नाही ते नक्की म्हणून लिहू नको, मग खरं लिहिशील तेही लोक मानणार नाहीत." मग जरा वेळानं म्हणाली, "मी आहे तोवर कुणाला सांगू नको. नंतर सांग. बायकांना सांग. कारखान्यातल्या दोघी-तिघी मला ठाऊक आहेत… बाजूची छान म्हणाली की त्याही छान म्हणतात. मी काय वेगळं केलं? लाज वाटते ग. रंगाऱ्याला रंग दिसत नाही, हे तो कुणाला सांगेल?"

त्यानंतरच्या रविवारांना वेगळं वजन आलं. आता मला ठाऊक होतं की माझ्या तोंडून जे निघेल तेवढंच तिला त्या अत्तराचं कळणार आहे. आणि तिचा श्वास उतरत चालला होता. जिना बंद झाला, मग अंगण, मग खुर्चीतून पलंगापर्यंत जाताना मधे थांबणं. तेरा गाठींच्या पट्टीच्या वेळी ती उशीला टेकून बसली होती, ओठ जरा निळसर. "आला?" तिनं विचारलं. आला नव्हता. जवळपास होता, पण नव्हता. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आला." तिनं लगेच विचारलं, "कुठे आला?" म्हणजे कपाळात, घशात, नाकाच्या शेंड्याला… वासाला जागा असते, हे तिनंच मला सांगितलेलं. मला जागा सांगता आली नाही. ती रागावली नाही. पट्टी माझ्या हातातून घेऊन उशीखाली ठेवली आणि म्हणाली, "साकु. बास आता." पुढचे तीन रविवार तिनं अत्तराचं नाव काढलं नाही. मी गेले की चहा करायला सांगायची, अप्पांच्या गुडघ्याबद्दल बोलायची. मी लोकांना तोंडावर खोटारडे म्हणत हिंडते. माझ्या एका शब्दानं त्या बाईचं दोन वर्षांचं काम बंद पाडलं होतं, आणि तो शब्द मी मायेनं बोलले होते.

चौथ्या रविवारी मी चहा न करता तिच्यासमोर बसले. "मी खोटं बोलले," म्हणाले. "ठाऊक आहे," ती म्हणाली. मी सगळ्या पट्ट्या मागून घेतल्या, पहिल्यापासून तेराव्यापर्यंत, आणि दुपारभर एकेक घेत राहिले. मग सांगितलं. मागे काही नाही, पुढेच सगळं आहे. देवळातला आहे, घरातला नाही. आणि हे सांगताना मला कळलं की मी घरातला म्हणतेय तो कुठला. माझ्या लहानपणी आत्या आणि गल्लीतल्या बायका संध्याकाळी काम आटोपून आमच्या ओट्यावर बसायच्या. त्यांच्या हातांना ओल्या कोळशाचा, बांबूचा, घामाचा एक कडवट वास असायचा. "बायकांच्या हाताचा वास नाही यात," मी म्हणाले. आत्याला हसू आलं, हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळत राहिले. "अग, तो जावा म्हणून चिंच लावून लावून हात घासले आम्ही," म्हणाली. "जन्मभर." मग डोळे पुसले आणि तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "नागरमोथा आण. आणि कोळशाची भुकटी आण, धुतलेली नको, पाटावरची आण."

ती भुकटी तिनं तीन आठवडे तेलात ठेवली आणि फडक्यातून गाळली. तीन गाठींची भर पडली तेव्हा, म्हणजे सोळाव्या पट्टीला, मी तिसऱ्या दिवशी सकाळी आले. तिनं पट्टी पुढे केली. मी ती घेतली आणि पुन्हा पुन्हा नाकाशी धरली, कारण घाईनं बोलायची मला आता भीती वाटत होती. मग सांगितलं. आधी काहीच नाही. मग कपाळात थंड. मग घशाच्या मागे कडू, आणि कडू संपतंय असं वाटताना कोरडा गोडवा. मग पुन्हा काही नाही. आणि शेवटी, कुणीतरी आत्ताच खोलीतून उठून गेल्यासारखं.

"कोण ग?" आत्यानं विचारलं.

"बायका. काम संपवून."

तिनं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत रोखून, तेराव्या पट्टीला "कुठे आला?" विचारताना बघितलं होतं तसं. मग बाटलीचं झाकण लावलं, आपल्या हातानं, दोनदा आवळून. "मग झालं," म्हणाली. त्यानंतर ती बारा दिवस होती. त्या बारा दिवसांत तिनं सोळावी पट्टी उशीच्या अभ्र्यात ठेवली होती. वास येत नव्हता तरी. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आहे ना तिथे. तू सांगितलंस की."

ती गेल्यावर दहाव्या दिवशी धाकटे मालक आले. अत्तराची कृती मागितली आणि बाटलीवर तिचा फोटो घालू म्हणाले, त्या नाकाचा शेवटचा वास म्हणून. मी अप्पांसमोर त्यांना सांगितलं की तिला दोन वर्षं वास येत नव्हता. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. धाकटे मालक हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर सांगू नका. तिचं नाव आहे." ते गेल्यावर अप्पाही तेच म्हणाले. लोक हसतील तिला. आयुष्यभर नाक नाक म्हणून मिरवली आणि… मी म्हणाले, ती मिरवली नाही, मिरवलं कारखान्यानं. आमचं चार दिवस या एकाच गोष्टीवर चाललं. त्यांना बहिणीची अब्रू सांभाळायची होती आणि मला तिचा शब्द. शेवटी त्यांनी विचारलं, "तिनं खरंच सांगितलं होतं, सांग म्हणून?" मी तिचे शब्द सांगितले, रंगाऱ्याला रंग दिसत नाही तेसुद्धा. ते उठले, आत्याच्या उशीच्या अभ्र्यातून पट्टी काढली, स्वच्छ रुमालात गुंडाळली. "पहिल्यांदा बायकांनाच सांग," म्हणाले. "पेपरात नंतर." म्हणून हे तुम्ही आज वाचताय, आधी नाही.

मागच्या आठवड्यात मी म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरला गेले. तिथे एका ओसरीवर दहा-बारा जणी पाट घेऊन बसतात, बोलणं सगळं कन्नडमधून. मी पट्टी पहिलीच्या हातात दिली. म्हटलं, वास घेऊन पुढे द्या. "चांगलाय," पहिली म्हणाली. "देवळासारखा," दुसरी. "नाही, माझ्या सासूच्या लुगड्यासारखा," तिसरी, त्यावर सगळ्या हसल्या. मग चांगलाय, छान आहे, असं करत पट्टी शेवटपर्यंत गेली. मग मी सांगितलं की हे अत्तर जिनं केलं तिला त्याचा वास शेवटपर्यंत आला नाही. दोन वर्षं तिला कसलाच वास येत नव्हता, आणि ती बाजूची छान म्हणाली की छान म्हणायची. पाटांवरचे हात चालूच होते. कुणी वर बघितलं नाही. मला वाटलं, अप्पा बरोबर होते.

खांबाजवळ बसलेली एक होती, चाळिशीची असेल. काडी फिरवता फिरवताच म्हणाली, "अक्का, मला पण नाही येत."

"मघाशी छान म्हणालीस ती?" बाजूची म्हणाली.

"तू म्हणालीस म्हणून म्हणाले."

कुणीतरी हसलं, मग तीही हसली. पलीकडून आणखी एकीचा आवाज आला, मला अर्धाच येतो, डाव्या बाजूनं. तिलाही हसल्या. खांबाजवळचीनं हात पदराला पुसले, फिरत आलेली पट्टी उचलली, नाकाशी धरली, खाली घेतली आणि माझ्यापुढे केली.

"कसा आहे, सांग तरी."

मी तिच्या पाटाशेजारी बसले. पट्टी नाकाशी धरली. पत्रकं पिशवीतच होती.

"आधी काहीच नाही," मी म्हणाले. "थांब जरा."